चौदाशांवरील एका होनाची हकीकत

श्री. प्रथम वंदन उंबऱ्यास, कां की उंबरा असेल तर घर, आणि घर असेल तर सांगावयाची गोष्ट. दुसरे वंदन वाचणाराच्या सबुरीस. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं, उत्तरेकडील हिमराज्यात कृष्णातीरच्या परिचारिका कुमुदिनीबाई तंबोरकर यांणी पेढीत खाते कैसे उघडिले, तीन पेढ्यांतून कोणती पसंत केली, आणि एका होनापायी त्यांचा संसार तीन दिवस कैसा अडून राहिला, त्याची हकीकत ऐसी जे.

बाई मिरजेच्या, वय वर्षे छत्तीस, इस्पितळाच्या चाकरीत चौदा वर्षे काढिलेल्या, हाताच्या हलक्या आणि बोलण्याच्या सरळ. यजमान विश्रामपंत तंबोरे घडवीत. भोपळा वाळवावा, कोरावा, त्यावर तार चढवावी, आणि निजलेल्या लेकराचा श्वास ऐकावा तैसा कान लावून तिचा सूर ऐकावा, ऐसा त्यांचा धंदा, आणि धंद्यात मिळकत बेताची. तो हिमराज्यात रुग्ण फार आणि परिचारिका थोड्या ऐसे जाहले, मग तेथील इस्पितळाने बाईंस मानाने बोलावून नेले, आणि बाई दीड वर्ष तिकडची भाषा शिकून विमानात बसल्या, आणि विश्रामपंत मागे राहिले, आणि पाहता पाहता चौदा महिने लोटले. दर आदितवारी पंत नवा लावलेला तंबोरा फोनाशी धरीत आणि चारी तारा छेडीत राहत, आणि बाई इकडे चुलीवर भात ठेवून त्या ऐकत. भात होई तोवर ऐकत, मग खुशाली पुसत.

यजमानांस आणावयाचे तर त्या राज्याचा कायदा कडक. आगंतुकांच्या कचेरीने लिहून दिले कीं, बाईंच्या स्वतःच्या नावे भाड्याचे घर असल्याचा कागद डिसेंबरअखेर दाखल व्हावा, न जाहल्यास अर्ज मिटविला जाईल आणि पुढील अर्ज एका वर्षाने. बाई तर राहात परिचारिकांच्या वसतीत, एक पलंग, एक खुंटी. मग दोन महिने हिंडून एक घर नजरेत भरले. दोन खोल्या, पूर्वेस खिडकी, आणि खिडकीखाली भिंतीलगत इतकी जागा कीं चार तंबोरे उभे राहतील. बाईंनी पावलाने ती जागा मोजली आणि घर पसंत म्हणून सांगितले. घरदलाल म्हणाला, अनामत चौदाशे होन, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत, आणि ती या राज्यातील पेढीच्या खात्यातूनच. (त्या मुलखात नाण्यास दुसरे नाव आहे, परंतु बखरीच्या तोंडी होनच बसतो.) बाईंनी रोख होन पुढे केले तो दलाल एक पाऊल मागे सरकला, जणू जिवंत कोंबडे पुढे केले. त्या राज्यात रोख पैका बाळगणे हे चोराचे किंवा फार म्हाताऱ्याचे लक्षण समजतात. घरामागे आणखी नऊ कुटुंबे रांगेत होती, तेही दलालाने सांगितले, आणि सांगून हसला.

खात्याची सोय म्हणाल तर ती घर ठरण्याच्या महिनाभर आधीच चालली होती, ती ऐसी. इस्पितळ पगार आपल्याच दप्तरी राखून बाईंस छापील हुंड्या देत असे. तो रिवाज बंद होणार ऐसे समजताच बाईंनी मसलत बोलाविली. मसलतीस नंदाताई ओगले, याही परिचारिका, बारा वर्षे त्या राज्यात मुरलेल्या, आणि त्यांचे यजमान जयवंतराव, ज्यांस प्रत्येक गोष्टीतील फुकट बाजू आधी दिसे. पोहे जाहले, चहा जाहला, आणि जयवंतरावांनी मुलखातील पेढ्यांचे वर्णन मांडिले. म्हणाले, पेढ्या तीन जातीच्या. एक आपल्या देशची, तिची शाखा राजधानीत, जावयास आगगाडीने अर्धा दिवस, तेथे आपली भाषा बोलतात आणि आपल्याचसारखे ताटकळत ठेवितात. दुसरी तळहातावरची, तिला इमारत नाही, दार नाही, गादी नाही, ती फोनात राहते. तोंड डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, मग पाच पळांत खाते तयार, आणि खर्च शून्य. तिसरी दगडी, चौकातली, दोनशे वर्षांची. ती भेटीची वेळ तीन आठवड्यांनी देते, बसावयास खुर्ची देते, आणि महिना पाच होन कापून घेते. येवढे सांगून जयवंतराव पोह्यांकडे वळले, कां की निवाडा उघड होता.

बाईंनी दगडी पेढी पसंत केली. जयवंतरावांचा घास हातातच राहिला. त्यांणी पुसले कीं वहिनी, पाच होन कशाचे? बाई म्हणाल्या, "उद्या भांडायची वेळ आली तर समोर माणूस हवं." जयवंतराव म्हणाले, "म्हणजे भांडायचे महिन्याला पाच होन?" त्यावर बाई म्हणाल्या, "हो. न भांडता परत मिळाले तर घेईन." नंदाताईंनी यजमानांस डोळ्यांनी दटाविले आणि मसलत उठली. पुढे जयवंतरावांनी ही गोष्ट सर्व देशबंधूंस सांगितली, आणि बाईंस काही काळ पाचहोनी वहिनी ऐसे नाव पडले, ते बाईंनी मनावर घेतले नाही.

मग तीन आठवड्यांनी नेमल्या दिवशी बाई दगडी पेढीत दाखल जाहल्या. काचेपलीकडे इंग्रीडबाई म्हणून कारकून, पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात, बोलणे मोजके. त्यांणी पारपत्र पाहिले, चाकरीचा कागद पाहिला, आणि मुक्कामाचा पत्ता मागितला. बाईंनी वसतीचा पत्ता दिला, तर म्हणाल्या वसती हे घर नव्हे. बाई म्हणाल्या, घर मिळण्यासाठीच खाते हवे. इंग्रीडबाई म्हणाल्या, खाते मिळण्यासाठी घर हवे. मग इंग्रीडबाईंनी आपण होऊन इस्पितळाच्या मेट्रनबाईंस फोन लाविला, आणि त्यांजकडून लिहून घेतले कीं सदरहू परिचारिका त्या पलंगावर खरोखर निजते. तो कागद ग्राह्य धरिला. खात्याचे कागद तयार होऊन मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीस, सोमवारी, बाईंचे हाती आले, आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी घराची मुदत, हे वर लिहिलेच आहे.

मंगळवारी, नवमीचा क्षय, म्हणून दशमी. बाई जवळचे होन खात्यात भरून पैसे धाडावयास बसल्या, आणि धाडण्यापूर्वी विश्रामपंतांस फोन केला. आता कृष्णाकाठची चाल ऐसी कीं, शुभकार्यास दिलेला पैका कधी सपाट देत नाहीत. पन्नास नव्हे एक्कावन्न, शंभर नव्हे एकशे एक. वरचा एक असला म्हणजे रक्कम मिटत नाही, पुढे चालू राहते, ऐसे वडीलधारी सांगतात. पंतांनी विचार न करिता सांगितले, "पहिलं घर आहे कुमुद, एक वर ठेव." बाईंच्याही मनात तेच होते. मग त्यांणी पेढीने फोनात दिलेल्या यंत्रावर चौदाशे एक होन लिहिले, देवाचे नाव घेतले आणि धाडून दिले, आणि त्या संध्याकाळी वसतीच्या सामायिक स्वयंपाकघरात शिरा केला, आणि शेजारच्या दोन परिचारिकांस वाढला.

बुधवारी एकादशी. दलालाकडे पैका घेणारे जे यंत्र होते त्यास चौदाशे ओळखू येत, चौदाशे एक ओळखू येत नव्हते. त्याने ही रक्कम अपरिचित म्हणून आल्या पावली परत धाडिली. इकडे दगडी पेढीचे जे पहारेकरी यंत्र, त्याने पाहिले कीं आगंतुकाचे खाते, वय दोन दिवस, त्यातून विचित्र आकड्याचा पैका बाहेर गेला आणि दुसरे दिवशी तोच आकडा परत आला. त्यास वाटले कीं कोणी लुटारू वाट पारखून पाहात आहेत. मग त्याने खात्यावर चौकी बसविली. बाई दुपारी यंत्र उघडून पाहतात तो पैका आहे, दिसतो आहे, आणि हात लाविता येत नाही, जैसे काचेआडचे आजारी मूल. बाईंनी यजमानांस कळविले. विश्रामपंत तिकडून म्हणाले, "माझ्यामुळे झालं." बाई म्हणाल्या, दोघांमुळे जाहले, आता फोन ठेवा, मला दुसरा करावयाचा आहे.

गुरुवारी बाईंनी पेढीच्या मोठ्या कचेरीस फोन लाविला. मार्गशीर्षातला गुरुवार, बाईंचा उपास, दुपारी दूध आणि केळे घ्यावयाचे होते. फोनावर प्रथम यंत्र बोलले कीं आपला वेळ आम्हांस मोलाचा आहे, मग बासरी लागली. ती बासरी एक घटका चालली, दोन घटका चालली, आणि चार घटका जाहल्या तरी चालली, आणि मध्ये मध्ये यंत्र पुन्हा म्हणे कीं आपला वेळ मोलाचा आहे. फोन कानापासून काढावा तर पाळी चुकेल, म्हणून दूध तसेच राहिले आणि उपास न ठरविता कडक जाहला. बासरी पाव सुराने उतरलेली होती. पंतांनी ती पावघटका सोसली नसती, हे बाईंच्या मनात आले. शेवटी एक मनुष्यवाणी आली. ती म्हणाली, खात्यावर चौकी आहे. बाईंनी कारण पुसले. वाणी म्हणाली, कारण गुप्त आहे. कोणापासून गुप्त, ऐसे पुसता म्हणाली, खातेदारापासून. मग चौकशीस दहा दिवस लागतील आणि घाई असल्यास शाखेत जावे, ऐसे सांगून वाणी लोपली. संध्याकाळी नंदाताई डब्यात भगर आणि दाण्याची आमटी घेऊन आल्या, समवेत जयवंतराव. ते म्हणाले, "वहिनी, आता घ्या तुमचे पाच होन वसूल करून." हे त्यांणी टोमणा म्हणून म्हटले. बाईंनी ते सल्ला म्हणून घेतले.

शुक्रवार, शुद्ध त्रयोदशी. बाईंनी पाळी बदलून घेतली, सगळे कागद एका पिशवीत भरिले, आणि पेढीचे दार उघडण्याच्या आधी पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. पायरीवर बर्फ होते. दार नऊला उघडावयाचे ते साडेनऊला उघडिले, पुढे माणसे अकरा, आणि एक म्हातारे गृहस्थ आपली नाणी एकेक करून कागदात गुंडाळून आणिलेले. बाईंची पाळी आली तेव्हा भिंतीवरील घड्याळात पावणेअकरा जाहले होते. इंग्रीडबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढविला, पडद्यावर पाहिले, आणि पुसले, "चौदाशे मागितले होते. तुम्ही चौदाशे एक दिले. का?"

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे तसं देतात."

"सगळीकडे?"

"शुभ असेल तिथे. मर्तिकाला नाही. तिथे पुरते देतात, पुढे काही नसतं म्हणून."

चौकी उठविण्याचा एक छापील कागद होता, त्यात कारणाचे रकाने ठरलेले. भाडे, उधारी, भेट, चूक. इंग्रीडबाईंनी समजाविले कीं भाडे म्हणावे तर आकडा जुळत नाही, उधारी नव्हे, भेट म्हणावी तर दलालास भेट देणे हा त्या राज्यात गुन्हा, तेव्हा चूक लिहावे हे सोपे, परंतु चुकीची चौकशी दहा दिवस. बाई म्हणाल्या, चूक लिहू नका, चूक नव्हे. मग पुन्हा म्हणाल्या कीं चूक नव्हे. इंग्रीडबाईंनी मोठ्या कचेरीतील आपल्या वरिष्ठांस फोन लाविला. बासरी लागली नाही, कां की त्यांजपाशी आतला आकडा होता. वरिष्ठांनी सर्व ऐकून पुसले, वरचा एक हा खुणेचा तर नव्हे? कोणास इशारा? इंग्रीडबाई म्हणाल्या, नाही, चाल आहे. वरिष्ठ म्हणाले, चाल आहे तर लेखी पुरावा असेल.

सवाअकरा जाहले. बाईंनी पिशवी काचेपुढील फळीवर उपडी केली. पारपत्र पडले, चाकरीचे कागद पडले, पंतांचा फोटो पडला, आणि एक आहेराचे पाकीट पडले. मिरजेच्या इस्पितळातील सोबतिणींनी निरोपाच्या दिवशी दिलेले ते पाकीट, लाल कागद, वर सोनेरी वेलबुट्टी, आत पाचशेची नोट, ती बाईंनी मोडली नव्हती. आणि पाकिटाच्या तोंडाशी रुपयाचे नाणे चिकटविलेले. बाईंनी ते काचेखालच्या फटीतून आत सरकविले आणि म्हणाल्या, "हे दुकानात असंच मिळतं. नाणं आधीच लावलेलं असतं. नोट आपण घालायची."

इंग्रीडबाईंनी नाणे नखाने उचकटून पाहिले, ते निघाले नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे कारखान्यात लावतात?"

"कारखान्यात."

मग इंग्रीडबाईंनी पाकीट यंत्राखाली ठेवून त्याची छबी काढिली, पालथे करून दुसरी काढिली, आणि दोन्ही मोठ्या कचेरीस धाडिल्या, आणि कागदावर पुरावा पहिला ऐसे लिहिले. उत्तर येईतो दोघी बसून राहिल्या. इंग्रीडबाई पडद्याकडे पाहात म्हणाल्या, "माझे वडील बंदरावर मासे विकायचे. तोलून झालं की एक वर टाकायचे. मी कधी विचारलं नाही, का ते." बाई म्हणाल्या, "विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं." इतक्यात वरिष्ठांचा फोन आला. ते म्हणाले, नाणे कारखान्यात लाविलेले पाहिले, इतकी तयारी लुटारू करीत नाहीत, चौकी उठवावी. तेव्हा घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटे जाहली होती.

आता चौदाशे धाडावयाचे. इंग्रीडबाईंनी आकडा लिहिला आणि पडदा बाईंकडे फिरविला, संमतीस. बाईंचा हात पुढे जाईना. चौदाशे, सपाट, घराचा पहिला पैका. इतके सोसून शेवटी मर्तिकासारखा पैका पाठवावा, हे मनास लागले. आणि न पाठवावा तर पंत आणखी एक वर्ष मिरजेस, आणि खिडकीखालची ती जागा दुसऱ्या कोणाची. इंग्रीडबाई चौतीस वर्षे माणसांचे हात पाहात आलेल्या, त्यांणी हे ओळखिले. म्हणाल्या, दोन हुकूम करू. पहिला चौदाशेचा, अनामत म्हणून. त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरा एका होनाचा. एक होन त्या यंत्रास ओळखू आला नाही तरी त्याचे काही अडणार नाही. बाईंनी दोन्हींवर बोट टेकविले. पहिला अकरा वाजून एक्कावन्न मिनिटांनी गेला, दुसरा त्याच मिनिटात. दलालाची पावती आली तेव्हा बारास पाच कमी होते. एका होनाची पावती काही आली नाही, आणि इतकी लहान रक्कम ते यंत्र परतही धाडीत नसे. दलालाच्या दप्तरात तो अद्याप मालक अज्ञात ऐशा सदरात पडून आहे, आणि दर तिमाहीस त्यांजकडून बाईंस पत्र येते कीं आपला काही संबंध असल्यास कळवावे. बाई कळवीत नाहीत.

मग घराचा कागद कचेरीत दाखल जाहला, आणि कचेरीने तो पाहून शिक्का मारिला, आणि पौष गेला, माघ गेला, आणि फाल्गुनात परवानगी आली. पुढील वर्षी, विश्वावसु नाम संवत्सरे, चैत्र शुद्ध पंचमीस विश्रामपंत एका खांद्यावर पिशवी आणि एका खांद्यावर गोधडीत गुंडाळिलेला तंबोरा घेऊन विमानतळावर उतरले. बाई त्यांस पाहून पुढे जाहल्या, आणि तंबोरा आधी घेतला, मग त्यांचा हात. आगगाडीत दोघे खिडकीशी बसले. पंतांनी बर्फ पाहिले, ते वितळू लागले होते, आणि म्हणाले, "ही हवा भोपळ्याला कोरडी पडेल." बाई म्हणाल्या, "खिडकीत पाणी भरून ठेवलंय परातीत."

पुढील सोमवारी, आधीच मागून ठेविलेल्या वेळेस, बाई पंतांस घेऊन दगडी पेढीत गेल्या, कां की पंतांसही खाते हवे होते. जयवंतरावांनी तळहातावरची पेढी पुन्हा सुचविली होती, पुन्हा फुकट म्हणून. इंग्रीडबाईंनी पंतांचे पारपत्र पाहिले, पत्ता पुसला, आणि या खेपेस पत्ता घराचा होता, तो त्यांणी लिहून घेतला. मग पुसले, पहिली ठेव किती? पंतांनी बाईंकडून पाठ केलेला एकच शब्द त्या राज्याच्या भाषेत उच्चारिला, शंभर, आणि होनांची एक नोट फळीवर ठेविली. ठेविली आणि खिसे चाचपू लागले. एका खिशातून तारेची गुंडाळी निघाली, दुसऱ्यातून मिरजेचे दोन रुपयांचे नाणे, तिसऱ्यातून काही नाही. बाईंनी बटवा उघडिला, त्यात एक पन्नासाची नोट. मागे रांग वाढत होती. पंत हळूच म्हणाले, "राहू दे कुमुद, शंभरच असू दे." बाई पुन्हा बटवा चाचपू लागल्या.

इंग्रीडबाईंनी चष्मा उतरविला. मग आपल्या बाजूचा खालचा खण उघडिला, ज्यात पेढीचा पैका नसतो, त्यांचा डबा असतो. त्यातून स्वतःची पिशवी काढिली, तीतून एक होन काढिला, आणि तो नोटेवर ठेविला. मग पावती लिहावयास घेतली, एकशे एक. बाई म्हणाल्या, तो आपला आहे, कैसा घ्यावा? इंग्रीडबाई लिहितच होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "शुभ आहे ना?"

येणेप्रमाणे खाती दोन, घर एक, तंबोरा एक, पेढीचा खर्च खात्यामागे महिना पाच होन. जयवंतरावांनी पुढे आपले खाते दगडी पेढीत हलविले, कारण मात्र सांगितले नाही. इंग्रीडबाईंचा तो होन पेढीच्या दप्तरात पंतांच्या नावे जमा आहे, आणि पंत त्यास हात लावीत नाहीत. लिहिणाराने जैसे कानी आले तैसे लिहिले, उणे असेल ते वाचणाराने भरून घ्यावे, आणि भरताना एक वर ठेवावा.